रोजनाम्यात न लिहिलेली ओळ

मॅडम,

तुमच्या शोकसभेतलं दोन मिनिटांचं मौन साधारण पन्नास सेकंदांत आटोपलं. मी घड्याळ बघत होतो, जुनी सवय. वकिलांच्या बार रूमच्या भिंतीवर तुमचा फोटो, त्याला झेंडूचा हार, आणि मागच्या फ्लेक्सवर ‘कर्तव्यकठोर’ हा शब्द तुमच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत. तुमच्याविरुद्धच्या तक्रार अर्जावर ज्या सातजणांच्या सह्या होत्या, त्यांतले चौघे बोलायला उभे राहिले. एकाने तुम्हाला न्यायव्यवस्थेचा कणा म्हटलं. दुसऱ्याने तुमच्या नावाने वक्तृत्व स्पर्धा जाहीर केली. तुम्ही शेजारी असतात तर तोंडावर रुमाल धरून म्हणाला असतात, "भाऊसाहेब, हेच भाषण चौकशीत केलं असतं तर?"

मी हसलो असतो. आणि मग लक्षात आलं असतं, की तुम्ही हे त्यांच्याकडे बघून बोलत नाही आहात.

मलाही ‘दोन शब्द’ बोलायचा आग्रह झाला. मी नको म्हणालो. लोकांना वाटलं, भाऊसाहेबांचा कंठ दाटून आला. तसं काही नव्हतं. माझ्याकडे खरोखर दोनच शब्द होते, पण ते दीड वर्षापूर्वी, पुण्यातल्या एका सरकारी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर बोलायला हवे होते. "हो, आठवतं." एवढेच.

तुम्ही जाऊन आज अकरा दिवस झाले. चाळिसाव्या दिवसाचा विधी अजून व्हायचा आहे. त्याआधी हे लिहून काढतो. तुम्ही नेहमी म्हणायचात, कागदावर आलं नाही ते कोर्टाच्या दृष्टीने घडलंच नाही.

नऊ वर्षं आपण जुन्नरहून एकाच एसटीने कोर्टाला गेलो. तुम्ही सरकारी वकील, लाचलुचपतीचे खटले चालवणाऱ्या. मी त्याच कोर्टातला बेंच क्लार्क. म्हणजे न्यायाधीश साहेबांच्या पायाशी बसून फाईल पुढे करणारा, साक्षीदाराला शपथ देणारा आणि प्रत्येक तारखेला काय घडलं ते रोजनाम्यात लिहिणारा. माझ्या हुद्द्याला कोणी हार घालत नाही, पण मी लिहिलं ते घडलं आणि मी लिहिलं नाही ते घडलं नाही, एवढी ताकद त्या खुर्चीत असते. हे मला फार उशिरा कळलं.

गाडी स्टँडात शिरली की तुम्ही धावत जाऊन खिडकीतून पिशवी आत टाकायचात. जाड खाकी कापडाची, तुमच्या वडिलांनी शिवलेली. दोन सीटवर आडवी पडेल अशी बरोबर टाकायचात, एक जागा तुमची, एक माझी. कंडक्टर दर आठवड्याला एकदा तरी म्हणायचा, "मॅडम, जागा माणसाला मिळती, पिशवीला न्हाई."

"साडेतीनशे पानं आहेत राव आत," तुम्ही म्हणायचात. "चार अधिकारी, दोन शिपाई आणि एक माजी सभापती. माणसंच आहेत."

नारायणगावला टोमॅटोच्या गाड्यांनी रस्ता अडला की आपला वाद सुरू व्हायचा. तुमच्या घराण्यात कधी काळी कागद बनायचा. जुन्नरातला कागद बंद झाला, घरात बाइंडिंग उरलं. कोर्टाची रजिस्टरं तुमचे वडील बांधायचे, त्यांच्यामागे तुमच्या धाकट्या भावाने, सलीमने, ते काम चालू ठेवलं. म्हणून असेल, कागदावर तुमचा विश्वास फार. मी म्हणायचो, "मॅडम, मी तीस वर्षं कागद लिहितोय. कागदावर येतं त्यातलं बरंचसं घडलेलं नसतं, आणि घडतं त्यातलं बरंचसं जेवणाच्या सुट्टीत घडतं." तुम्ही म्हणायचात, "मग नीट लिहा ना. तुमच्याच हातात आहे." मी विषय पुस्तकांवर न्यायचो. तिथे मी बरा होतो.

एकदा वरून मोठे साहेब लेण्याद्रीच्या दर्शनाला आले होते, आठवतं? आपल्या अख्ख्या कोर्टाला पायथ्याशी उभं केलं होतं. कोणाकडे शाल, कोणाकडे श्रीफळ, माझ्याकडे पाण्याच्या बाटल्यांचं खोकं. साहेब डोलीत बसले आणि चार माणसं त्यांना घेऊन पायऱ्या चढू लागली. तुम्ही माझ्या कानाशी म्हणालात, "भाऊसाहेब, तक्रारदार पायऱ्यांनी येतोय, म्हणून वेळ लागतो." मला एवढं हसू आलं की खोकं हातातून सुटलं. त्या दिवशी मला वाटलं होतं, आपण दोघं एकाच बाजूला उभे आहोत.

गोविंदचा खटला तुमच्याकडे आला तो त्याच वर्षी. डिंभे धरणाच्या पाण्यामागच्या डोंगरातला माणूस, भात आणि नाचणी पिकवणारा. वडील वारल्यावर जमिनीला वारसांची नावं लावायला गेला, तर अधिकाऱ्याने पैसे मागितले. गोविंदने तक्रार केली, सापळा लागला, अधिकारी रंगेहाथ सापडला. असे खटले तुम्ही कितीतरी चालवले होते. फरक इतकाच, की या अधिकाऱ्याचं लग्न चांगल्या घरात झालेलं होतं. सासऱ्यांच्या गाडीला पुढे एक गाडी आणि मागे एक गाडी लागते, अशा घरात.

आता त्या दिवसाबद्दल लिहितो. हे सगळं त्यासाठीच आहे.

ईदचा दुसरा दिवस होता. गाडी सुटताना सलीम धावत आला आणि खिडकीतून डबा वर केला. तुम्ही आतल्या बाजूला बसला होतात, मी खिडकीशी. डबा मी घेतला. शीरखुर्मा होता. आपण तो नारायणगावच्या गर्दीत अडकलेलो असताना डब्याच्या झाकणातून खाल्ला. तुम्ही म्हणालात, आज गोविंदची साक्ष, आज साखर पोटात असलेली बरी.

गाडी उशिरा पोचली. कोर्टाच्या गेटाशी उतरलो तर समोरच्या टपरीवर गोविंद उभा होता, पण तोंड स्टँडकडे. परत निघाला होता. तुम्ही पिशवी माझ्या हातात दिलीत आणि तिकडे गेलात. मला दोघांचं बोलणं ऐकू येत होतं.

"मॅडम, आमी काय खोटं बोलाया आलो न्हाई," गोविंद म्हणत होता. "पन दोन दिस झालं, त्यांची गाडी घरापुढं हुबी ऱ्हाती. कोन उतरत न्हाई, कोन बोलत न्हाई. बायको म्हंती, जमीन जाऊंद्या, तुमी ऱ्हावा."

"जायचं तर जा, गोविंदभाऊ. मी पोलीस लावून आणणार नाही. पण सकाळपासून उपाशी असाल. चहा घेऊन जा."

मी तुम्हा दोघांना टपरीवर सोडून आत गेलो. साहेबांची त्या दिवशी घाई होती. एका संस्थेच्या इमारतीचं उद्घाटन त्यांच्या हस्ते होतं आणि चेंबरमध्ये फेटा बांधणारा येऊन बसला होता. बोर्डावरच्या केसेस भराभर निघत होत्या. शिपायाने दारात उभं राहून गोविंदचं नाव तीनदा पुकारलं. साहेबांनी विचारलं, "सरकारी वकील?"

मॅडम, तुमची पिशवी माझ्या टेबलाखाली होती. माझ्या पायाला लागत होती. "आल्यात साहेब, गेटाशी साक्षीदाराजवळ आहेत," एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पण साहेबांचं लक्ष घड्याळाकडे होतं आणि माझं साहेबांकडे. मी लिहिलं : ‘पुकार केला. साक्षीदार गैरहजर. सरकारी वकील गैरहजर. पुढील तारीख.’ ही ओळ माझा हात मला न विचारता लिहितो. साहेबांनी सही केली आणि उठले.

अकरा मिनिटांनी तुम्ही गोविंदला घेऊन दारात. त्याच्या ओठाला अजून चहा लागलेला.

"भाऊसाहेब, केस?"

"तारीख पडली, मॅडम."

तुम्ही चिडला नाहीत. गोविंदकडे बघून म्हणालात, "पुढच्या वेळी चहा आत आल्यावर पिऊ." मग मला हळू आवाजात, "मी हजर झाले तेवढं रोजनाम्यात घ्या."

"घेतो," मी म्हणालो.

त्यासाठी चेंबरमध्ये जाऊन साहेबांची दुसरी सही घ्यावी लागली असती. मी दारापर्यंत गेलो. आत साहेब मान ताठ करून बसले होते आणि फेटेवाला कापडाला पीळ देत होता. अशा वेळी कोणी कागद पुढे करत नाही. उद्या घेऊ, असं ठरवून मी परत फिरलो. दुसऱ्या दिवशी साहेबांचा मूड नव्हता. तिसऱ्या दिवशी फाईल दुसऱ्या गठ्ठ्याखाली गेली. मी विसरलो असं म्हणण्याची सोय होती, पण मी विसरलो नव्हतो. चप्पल चावते तशी ती ओळ काही दिवस चावली आणि मग पायाला सवय झाली. तुम्ही पुन्हा विचारलं नाही. माझं ‘घेतो’ तुम्हाला पुरेसं होतं.

पुढच्या तारखेला गोविंद उभा राहिला. मीच शपथ दिली. आरोपीच्या वकिलांनी त्याला दीड तास सोलला, पण तो हलला नाही. साक्ष संपली की ती साक्षीदाराला वाचून दाखवायची आणि खाली लिहायचं, ‘वाचून दाखवली, बरोबर आहे.’ मी वाचून दाखवली. विचारलं, "बरोबर आहे का?"

गोविंद म्हणाला, "बरोबर हाय. पन लई कमी हाय."

कोर्ट हसलं. साहेबसुद्धा हसले. तुम्ही हसला नाहीत. "बाकीचं मी बोलेन, गोविंदभाऊ," तुम्ही म्हणालात.

ते बाकीचं तुम्हाला बोलूच दिलं नाही. तुम्हाला कोणी रस्त्यात अडवलं नाही, घरावर दगड आला नाही. जे केलं ते सगळं अर्ज करून केलं. आधी एक निनावी अर्ज आला, मग सह्यांचा. मग एका मोबाईलवरच्या बातमीवाल्याने ‘सरकारी वकील मॅडमची मनमानी’ असं चालवलं, त्यात तुमचा बुरख्यातला फोटो लावला. तुम्ही बुरखा घेत नव्हतात, तो फोटो दुसऱ्याच कोणाचा होता. सलीमकडचं कोर्टाचं बाइंडिंगचं काम बंद झालं, पुण्याच्या एजन्सीला गेलं. आणि शेवटी मुद्द्याचा अर्ज : तुम्ही तारखांना मुद्दाम गैरहजर राहता, खटले लांबवता आणि त्यातून आरोपींवर दबाव आणता. पुरावा, तीन रोजनामे. दोन तारखांना तुम्ही खरोखर नव्हतात, अम्मींच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, रजेचा अर्ज होता. दोन रजांनी काही सिद्ध होत नाही. तिसरी गैरहजेरी विनारजा, विनाकारण, आणि ती गोविंदच्या खटल्यातली. त्या तिसऱ्या ओळीवर त्यांनी ‘वारंवार’ हा शब्द उभा केला. तुम्हाला निलंबित केलं, खटला दुसऱ्याकडे गेला. तो अजून चालू आहे. म्हणजे तारखा पडतात.

चौकशीत साक्षीदार म्हणून मला समन्स आलं, तेव्हा माझ्या निवृत्तीला चार महिने उरले होते. एक ज्येष्ठ वकील माझ्या टेबलाशी आले. मला काका म्हणणारा माणूस, माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीत वाढलेला. म्हणाले, "काका, सुखानं जा ना आता. रेकॉर्डप्रमाणे बोला, म्हणजे झालं. रेकॉर्ड खोटं असं म्हणालात तर ते खोटं कोणी लिहिलं, असं पुढे निघतं." मग त्यांनी माझ्या बी.पी.ची चौकशी केली. धमकी इतक्या आपुलकीने दिली जाऊ शकते, हे मी तीस वर्षं कोर्टात बसून पाहिलं होतं. तरी मला ती आपुलकीच वाटली. वाटून घेतली.

चौकशीच्या सकाळी मी पुण्याची गाडी पकडली तर आत दोन सीटवर ती खाकी पिशवी आडवी. "भाऊसाहेब, इकडे," तुम्ही हात केलात. अडीच तास मी तुमच्या शेजारी बसलो. तुम्ही त्या ओळीबद्दल एक अक्षर काढलं नाहीत. मीच न राहवून म्हणालो, "मॅडम, आज ते..." तर तुम्ही हात वर केलात. "नको. साक्षीदाराला मी पढवलं, असं व्हायला नको. तुम्ही काय वाचताय सध्या ते सांगा." मी एक पुस्तक सांगितलं. फार चांगलं आहे म्हणालो. मी ते वाचलेलं नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावर चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं, "रोजनामा तुमच्या हस्ताक्षरात आहे?"

"होय."

"त्यातला मजकूर बरोबर आहे?"

"रेकॉर्डप्रमाणे बरोबर आहे."

मग उलटतपासाला तुम्ही उभ्या राहिलात. तुमच्याजवळ विचारायला खूप होतं. पिशवी कोणाच्या टेबलाखाली होती? शीरखुर्मा कोणी खाल्ला? ‘घेतो’ कोण म्हणालं? तुम्ही एकच प्रश्न विचारलात आणि तो कोर्टातल्या आवाजात नाही, एसटीतल्या आवाजात विचारलात.

"भाऊसाहेब, त्या दिवशी आपण एकाच गाडीने आलो. आठवतं का?"

मी हजारो साक्षीदार फितूर होताना पाहिले आहेत. कसे होतात, ते मी तुम्हाला बसमध्ये नक्कल करून दाखवायचो. आधी खाली बघतात, मग घसा साफ करतात, मग ते ठरलेलं वाक्य. मी खाली पाहिलं. घसा साफ केला.

"आता आठवत नाही."

तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाही. कागद सारखे केलेत. "आणखी प्रश्न नाहीत," म्हणालात आणि बसलात. तिथे शपथ दिलेली नव्हती, म्हणून हे खोटी साक्ष या सदरात येत नाही, असा बारीक कायदा मी जिना उतरता उतरता स्वतःला सांगितला. तुम्हाला तो आवडला असता. त्यात एक चूक तुम्ही लगेच काढली असती.

संध्याकाळी परतीच्या गाडीत तुम्ही जागा धरली होती. मी स्टँडवरच्या खांबामागून पाहिलं. पिशवी दोन सीटवर आडवी होती आणि तुम्ही दाराकडे बघत होतात. एक बाई येऊन काही विचारून गेली, तुम्ही मान हलवलीत. तुम्ही माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती, मॅडम. मी जे बोललो ते ऐकल्यावर. गाडी सुटली तोवर मी खांबामागेच होतो. नंतरच्या गाडीने उभ्याने आलो.

त्यानंतर आपण बोललो नाही. भाजीबाजारात तुम्ही दिसलात की मला अचानक कोथिंबिरीची जुडी फार निरखून बघावीशी वाटायची. माझा निरोप समारंभ झाला. मला घड्याळ दिलं आणि ‘निष्कलंक सेवा’ असं छापलेलं मानपत्र. मी ते कपाटावर उलटं ठेवलं आहे.

तुम्ही हृदयविकाराने गेलात, असं डॉक्टर म्हणाले. मी त्यात माझी भर घालणार नाही. तुमच्या मरणात स्वतःला एवढं महत्त्व देणं हाही एक डामडौलच झाला. माझा गुन्हा लहान आहे. एका ओळीएवढा आहे. फक्त तो तुमच्या नावावर लिहिलेला आहे.

दफन झाल्यावर तुमच्या घरी गेलो तेव्हा मला वाटलं होतं, दारातूनच हाकलतील. अम्मींनी माझा हात धरून बसवलं. "भाऊसाब, बसा. नसीम तुमचंच नाव घ्यायची. म्हणायची, बसमधी भाऊसाब हायेत, तू काळजी करू नको." सलीमने चहा आणला. तुम्ही घरात कोणाला काही सांगितलं नव्हतं. तो चहा मी कसा प्यायलो, ते मला विचारू नका.

म्हणून परवा कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडे गेलो. तो मला वीस वर्षं ओळखतो. मी सांगत गेलो, तो टाईप करत गेला. मध्येच थांबला.

"‘सदर नोंद नजरचुकीने राहून गेली’, असं टाकतो, भाऊसाहेब."

"नको. ‘जाणूनबुजून घेतली नाही’, असं टाक. आणि चौकशीत ‘आठवत नाही’ असं सांगितलं, ते खोटं सांगितलं, असं टाक."

त्याने चष्मा कपाळावर घेतला. "आवो, असं प्रतिज्ञापत्र कोन करतं का राव? ह्यानं तुमीच अडकाल. पेन्शनीत हात घालतील."

"टाईप कर."

"मॅडम तर गेल्या. आता कुनासाठी?"

मी पुन्हा कागदाकडे बोट दाखवलं. हे शौर्य नव्हे, मॅडम. निवृत्तीनंतर धीट होणं हा आपल्याकडे बऱ्याच जणांचा छंद आहे, मी त्यांच्यावर किती हसायचो, ते तुम्हाला माहीत आहे.

तो कागद घेऊन पुण्याला गेलो, त्याच तिसऱ्या मजल्यावर. तिथल्या क्लार्कने वाचला, उलटा करून पाहिला. "कर्मचारी मयत झाल्यामुळे चौकशी बंद झाली, काका. आता हा कुठल्या फाईलला लावू?"

"त्यांच्याच."

"फाईल बंद आहे ना पण."

मी बाकावर बसून राहिलो. दोन तासांनी त्याने कंटाळून प्रतीवर आवक शिक्का मारून दिला. त्यापुढे त्या कागदाचं काय होईल, हे आपल्या दोघांना चांगलं माहीत आहे.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसलो आणि शेजारच्या सीटवर माझी पिशवी ठेवली. हाताला कोणी सांगितलं नव्हतं. नारायणगावला गर्दी चढली. टोमॅटोच्या बाजारातून आलेली एक बाई पुढ्यात उभी राहिली.

"भाऊ, हितं कुनी हाय का?"

गाडी सुटेपर्यंत मी पिशवीकडे बघत राहिलो. मग ती उचलून मांडीवर घेतली. "नाही," म्हणालो. "बसा."

जुन्नरला उतरून सरळ सलीमच्या दुकानात गेलो. तो टोच्याने पानं टोचत होता. कागद त्याच्यापुढे ठेवला. उभ्यानेच वाचला त्याने, दोनदा. टोचा अजून हातात होता.

"आपाला हे माहीत होतं?"

"त्यांनीच विचारलं होतं मला. समोरासमोर."

सलीमने टोचा खाली ठेवला. मला वाटलं, शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्याने कागदाची घडी केली आणि माझ्या हातात परत दिली. "मला देऊ नका. अम्मीला वाचता येत नाही. तिला तुम्ही वाचून दाखवा."

आयुष्यभर मी दुसऱ्यांची साक्ष वाचून दाखवली होती. आवाज न चढवता, न उतरवता, सगळ्या साक्षी एकाच सुरात. अम्मींपुढे जमिनीवर बसून माझी वाचायला लागलो तेव्हा तो सूर लागला नाही. ‘जाणूनबुजून’ला थांबावं लागलं. अम्मी भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "नसीमचं नाव येतं तिथनं परत वाचा."

परत वाचलं.

डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माफीबिफीचं काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "ईदचा दुसरा दिवस व्हता तो. ती डबा विसरून गेली, मी सलीमला स्टँडवर पळवलं. सलीम म्हणला, खिडकीतनं डबा तुमी घेतला. आठवतं का, भाऊसाब?"

"हो," मी म्हणालो. "आठवतं."

"मग ते यात का नाही?"

मी खिशातून पेन काढलं आणि टाईप केलेल्या मजकुराखाली, शिक्क्याच्या बाजूला जागा होती तिथे, हाताने लिहिलं : ‘त्या दिवशी सरकारी वकील मॅडम माझ्याबरोबर एकाच एसटीने आल्या. शेजारच्या सीटवर होत्या. त्यांचा डबा खिडकीतून मी घेतला.’ खाली सही केली आणि अम्मींना वाचून दाखवलं.

"बरोबर," त्या म्हणाल्या.